भिंत पक्की होईपर्यंत

“या खेपेला मेहकरची बदली खिशात घालूनच येतो!” असं वामनराव मास्तरांनी बायकोला पत्रातून छातीठोकपणे कळवून टाकलं होतं. विमलबाई मेहकरच्या शाळेत मास्तरीण, आणि हे इकडे संग्रामपूरकडच्या एका खेड्यात. सहा वर्षं स्वतःच भाकरी थापून बिचाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. आता शिक्षणखात्याचे दिपोटी साहेब शाळेच्या तपासणीला येणार, पाठ बघून खूश होणार, की बदलीच्या अर्जावर सही!

पाठही फर्मास निवडला होता. हवेतला कर्बवायू! चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचं, श्वासातला वायू चुना पकडतो आणि निवळी दुधासारखी होते. त्यासाठी चार दिवस आधीच त्यांनी बादलीभर चुना भिजत घातला.

तपासणीच्या सकाळी बघतात तर बादली ठणठणीत कोरडी! शाळा मात्र पांढरीशुभ्र.

“मोतीराम! चुना कुठाय?”

“भितीवर हाय न, गुरुजी,” शिपाई हात पुसत म्हणाला. “साहेब येऊन राह्यले, अन् तुमी चुना भिजू घातला. तपासनीले भिती नाही पोतारायच्या, त काय चुन्यानं आंघोय करायची?”

मास्तर ओरडणार, तेवढ्यात काळा कोट घातलेले साहेब दारात!

“काय शिकवताय?”

“भिंत!” वामनराव बोलून गेले. आता निभावणं आलं. “साहेब, आपण सोडलेला कर्बवायू झाडं घेतात, झाडं जनावरं खातात, जनावरं तो पुन्हा हवेत सोडतात. या फेऱ्यातला थोडा वायू हा ओला चुना धरून ठेवतो आणि त्याचा दगड होतो. पोरांनो, फुंका!”

चाळीस पोरं भिंतीवर तुटून पडली. फुंकर कमी, थुंकी जास्त! साहेबांनाही राहवेना. तेही वाकून फुंकायला लागले, मागून पोरांचा रेटा आला आणि साहेब कोटासकट भिंतीला चिकटले!

सुटले तेव्हा नाकापासून गुडघ्यापर्यंत पांढरे. मास्तरांनी डोळेच मिटले. गेली बदली!

पण साहेब हसत होते. “वा! असा पाठ सबंध जिल्ह्यात पाहिला नाही. पण दगड कुठाय? हे तर ओलंच आहे.”

“हळूहळू होतो, साहेब!” वामनराव हुरळून म्हणाले. “थर जाड आहे. आतपर्यंत पक्का व्हायला दोन-तीन वर्षं तरी हवीत.”

“अस्सं!” साहेबांनी बदलीचा अर्ज काढला आणि शेरा मारला: ‘प्रयोग चालू आहे. पूर्ण होईपर्यंत बदली करू नये.’

साहेब गेल्यावर मोतीराम जवळ आला. “काऊन तोंड पाडता, गुरुजी? साहेबाले भित लय आवडली. आता दरसाल चुन्याचा नवा हात मारतो!”

वामनराव घरी जाऊन भाकरीचं पीठ मळायला बसले.