हेल्मेटवाले पाव्हणे

आमच्या गावात मारुतीच्या आरतीला एक माणूस हेल्मेट घालून उभा राहायचा. टाळ्या वाजवायचा, गंध लावून घ्यायला पुजाऱ्यापुढं वाकायचा, आणि पुजारी बिचारा हेल्मेटच्या काठाखाली बोट सारून कपाळ शोधायचा. हा माणूस म्हणजे सोपानतात्या, माझे चुलतसासरे. पारावर बसले तरी हेल्मेट, लग्नाच्या पंगतीत हेल्मेट. न्हावी त्यांना म्हणायचा, "तात्या, आता मी काय ह्या टोपावरून वस्तरा फिरवू का?"

बरं, मोटारसायकल असती तर एक वेळ समजलं असतं. तात्यांकडं होती सायकल. तिला दोन बाजूंना दोन किटल्या लटकवून ते वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायचे आणि आमच्या दूध सोसायटीत आणून घालायचे. मी तिथं मापाला होते. चुलतसासरा असो की चेअरमन, पाणी घातलेलं दूध मी माघारी धाडायचे. सुमनची जीभ तिखट आहे असं गाव म्हणतं. म्हणू दे, गावाला दुसरं काम काय?

तात्या कुणाला रामराम करत नसत. समोरून कुणी सायकलवर आला की एक हात वर करून ओरडायचे, "आधी डोस्कं!" नवा माणूस घाबरून ब्रेक दाबायचा, डोक्यावर काही पडतंय का म्हणून वर बघायचा, आणि तिथंच पडायचा. मग तात्या त्याला उठवत सांगायचे, "बघितलं का? म्हणूनच म्हन्तो, घाल."

एका वर्षी त्यांनी हा विषय थेट सोसायटीच्या वार्षिक सभेत काढला. दिवाळीला सोसायटी दरवर्षी सभासदांना स्टीलचा डबा द्यायची. तात्या उठून म्हणाले, "घरोघर डबेच डबे झालेत. आवंदा हेल्मेट द्या. सायकलवर दूध आणणाऱ्याला बी अन् कॅरेजवर बसणाऱ्या बाईला बी."

झालं! सभा पेटली. एकजण म्हणाला, "सायकल म्हंजे काय विमान हाय का बे?" चेअरमन म्हणाले, "पटका हायच की डोक्याला. वर टोप घातला तर उन्हात मेंदू शिजंल." कुणी म्हणालं, आधी रस्त्यातले खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्याचं बघा. ते मात्र मला पटलं. एका शहाण्यानं तर असं मांडलं की हेल्मेट घातलेला माणूस जास्तच माजात सायकल हाणतो, म्हणून ते नसलेलंच बरं. तात्या सगळ्यांना एकच विचारत होते, "पडल्यावर डोस्कं फुटलं तर कुणाकडनं आणणार? उसनं मिळतंय का?"

पण खरा घोळ घातला तो पदरानं. लक्ष्मीकाकू उठल्या आणि म्हणाल्या, "हेल्मेट घालू हो, पण पदर आतून घ्यायचा का वरून?" आतून घेतला तर वडीलधाऱ्यांसमोर पदर दिसत नाही. वरून घेतला तर वाऱ्यानं हेल्मेटवरून घसरून चाकात जातो. दुधाचा भाव बाजूला राहिला आणि अर्धी सभा ह्याच्यावरच गेली. शेवटी ठराव झाला की सासऱ्यासमोर वरून, एरवी आतून. आणि ह्या गडबडीत हेल्मेट वाटायचा ठराव कधी मंजूर झाला ते चेअरमनलासुद्धा कळलं नाही.

दिवाळीला हेल्मेटं आली. हलकी, वर लांबट भोकं पाडलेली. बाया भडकल्या. "याला तर भोकं हायेत, पानी बी राहत न्हाई!" कुणी त्यात कांदे ठेवले, कुणाची कोंबडी अंड्यावर बसली. एकीनं आत फडकं घालून टँकरचं पाणी गाळायला घेतलं. तात्या घरोघर जाऊन कोंबड्या उठवत फिरायचे आणि शिव्या खायचे. पण त्या वर्षी पाऊस नव्हताच. टँकर विहिरीत पाणी सोडायचा आणि गाव चारी बाजूंनी बादल्या फेकायचं. एकीची बादली दुसरीच्या डोक्यात. तिसऱ्या दिवशी बघते तर काय, सगळ्या बाया हेल्मेट घालून विहिरीवर! तात्या लांब उभं राहून नुसते बघत होते. एवढा खूश माणूस मी लग्नातसुद्धा पाहिलेला नाही.

मग टोळ्या ऊसतोडीला निघाल्या. दरवर्षी निघतात, पण त्या वर्षी म्हातारे आणि लेकरंसुद्धा गेली, कारण मागं राहून प्यायचं काय? लोकांनी दारांना कुलपं लावली, कुलपांपुढं बोराटीची काटेरी फांदी टेकवली, आणि नेऊन करायचं काय म्हणून हेल्मेटं दारापाशी खुंटीला लटकवून ठेवली.

रिकामं गाव मी आधीही पाहिलं होतं, पण असं नाही. भर दुपारी मी गल्लीतून जायचे तेव्हा दोन्ही बाजूंनी ती हेल्मेटं माझ्याकडं बघत असायची. डोकं नाही, तोंड नाही, नुसती टोपणं. वारं सुटलं की भोकांतून शिटी वाजायची, प्रत्येक घराची वेगळी. पोतराजाच्या घराची बारीक, पाटलाच्या घराची घोगरी. आणि हेलकावे खात ती दारावर आपटायची, टक टक, टक टक. वाटायचं, आत कुणीतरी राहिलंय आणि दार उघडा म्हणतंय. मी काही भित्री बाई नाही, पण त्या गल्लीत मी पदर घट्ट धरून चालायचे आणि मागं वळून बघायचे नाही. कुत्रीसुद्धा गल्ली सोडून गेली होती.

तात्यांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. ते सायकल हातात धरून एकेका दारापुढं थांबायचे, लोंबणारा पट्टा नीट बांधायचे आणि हेल्मेटला झापायचे, "मालक तिकडं उघड्या डोस्क्यानं ट्रॅक्टरवर बसलाय अन् तू हितं झोके घेतो व्हय बे?" थोडं थांबायचे, उत्तराची वाट बघितल्यासारखे, आणि पुढच्या दाराशी जायचे.

एक दिवस ताक द्यायला मी त्यांच्या घराकडं गेले. बघते तर तात्या स्वतःच्याच दारासमोर उभे, हेल्मेट घालून, कडी वाजवत होते.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

आतून त्यांच्या बायकोचा, गयाकाकूंचा आवाज आला, "कोन हाय?"

"हेल्मेटवाला."

"या पाव्हणे. बसा ओट्यावर."

मी जागच्या जागी उभी राहिले. काकूंना मागच्या दुष्काळापासून जरा विसर पडलाय एवढं गावाला माहीत होतं. त्या घरातून फारशा बाहेर पडत नसत आणि तात्या कुणाला फार आत येऊ देत नसत. काकू ताट घेऊन बाहेर आल्या, तात्यांपुढं लांबूनच ठेवलं आणि मला हाताला धरून आत नेलं.

"सुमन, भला मानूस हाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "सरपण आनतो, पानी आनतो, गाय धुतो. पन मालक घरी न्हाईत ना, तोडीला गेलेत. मग परक्या मानसाला आत कसं घ्यायचं? मी ओट्यावरच जेवू घालते. झोपतो बी तिथंच."

बाहेर तात्या खाली मान घालून भाकरी खात होते. हेल्मेटमुळं त्यांचं तोंड दिसत नव्हतं. मी म्हणाले, "काकू, अहो, हेच तर—" तेवढ्यात तात्यांनी बसल्या जागेवरून हात वर केला.

नंतर गोठ्यात त्यांनी मला सगळं सांगितलं. मागच्या दुष्काळात ते लांबून पाणी आणत होते, सायकलला दोन्हीकडं भरलेले कॅन आणि मागं कॅरेजवर काकू. नदीच्या उतारावर मुरमात चाक घसरलं. काकूंचं डोकं दगडावर आपटलं. बीडच्या दवाखान्यातून त्या चालत्या-बोलत्या घरी आल्या, गायीला ओळखलं, मला ओळखलं, चुलीवर भाकरी टाकली. फक्त नवऱ्याला ओळखलं नाही.

"तिच्या ध्यानात मी काळ्या केसांचा, पटकेवाला," तात्या म्हणाले. "उघड्या डोस्क्यानं आत गेलो की वरडती, कोन म्हातारा शिरला म्हन्ती. बीडहून हे हेल्मेट आनलं, घालूनच दारात आलो, तर पानी दिलं तिनं. म्हन्ली, कुठले पाव्हणे? मग म्हन्लं, पाव्हणा तर पाव्हणा. घरापाशी ऱ्हायला मिळतंय ना."

मला रडू आलं आणि रागही आला. एवढा चेष्टेचा विषय झालेला माणूस, आणि एका शब्दानं कुणाला बोलला नाही. मी पदराला डोळे पुसले तर मलाच म्हणाले, "रडू नगंस. माझ्याजवळ माझंच लई कौतुक करती ती. आमचे मालक असे, आमचे मालक तसे. एवढं तर ती माझ्या तोंडावर कधी बोलली नव्हती!"

संक्रांत झाली आणि विहीर तळाला लागली. सोसायटीनं नेकनूरच्या बाजूला माळावर जनावरांची छावणी उघडली. चारा तिथं, टँकर तिथं, दुधाचं मापही तिथंच. गावात आता टँकर येणार नाही असं सांगण्यात आलं. उरलेली माणसं जनावरांसोबत टेम्पोत चढली. तात्यांची गायही चढली. काकू काही चढेनात.

"मालकाला न सांगता घर सोडू?" त्या उंबऱ्यावर बसून म्हणाल्या. "तोडीवरून आले अन् दाराला कुलूप दिसलं तर काय म्हन्तील? मी न्हाई हालायची." मी समजावलं, रागावले, हात धरून ओढलंसुद्धा. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून शेवटी गाडी काढली. आता गावात आम्ही तिघंच उरलो. रांजणात तळाला तांब्याभर पाणी होतं. गल्लीतली हेल्मेटं एकदम शिट्ट्या वाजवायला लागली आणि टक टक सुरू झाली. काकू दचकून उठल्या, "आले का मालक?" दार उघडलं तर गल्ली रिकामी. त्या परत येऊन बसल्या. पुन्हा टक टक, पुन्हा त्या उठल्या. मला वाटलं, ही बाई इथंच अशी उठत-बसत तहानेनं मरणार.

तात्या ओट्यावरून हे बघत होते. ते मला म्हणाले, "तू तिच्यापाशी थांब," आणि घरामागं गेले.

बऱ्याच वेळानं गल्लीच्या टोकाकडून पावलं वाजली. त्या बंद दारांमधून, वाऱ्यातून एक माणूस चालत येत होता. डोक्याला लाल पटका, खांद्यावर कोयता, काखेत बोचकं, तोंडावर नि हातापायांवर पाचटाची काळी राख. क्षणभर मीही घाबरले. मग चाल ओळखली. अंगाला चुलीतली काजळी-राख फासून तात्या तोडीवरून घरी येत होते.

काकू उठल्या. आता ओरडतील म्हणून मी त्यांचा दंड धरला. त्यांनी खूप वेळ बघितलं. मग माझा हात सोडवला आणि डोक्यावर पदर घेतला.

"आले?" त्या म्हणाल्या.

"आलो, गया."

"किती काळे पडलात हो."

त्या आत गेल्या, रांजणातलं होतं नव्हतं ते सगळं पाणी तांब्यात घेतलं आणि त्यांच्या पायांवर घातलं. बाहेरून आलेल्या माणसाचे पाय धुवायचेच. अहो काकू, शेवटचं पाणी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तात्या डोळे मिटून उभे होते, आणि त्यांच्या गालांवरची राख ओली झाली होती.

तात्या म्हणाले, "छावनीला जायचंय. येती का?" काकू म्हणाल्या, "तुमी म्हन्लं की आले." एवढं सोपं होतं.

तात्यांनी सायकल आणली. काकूंना दिवाळीचं हेल्मेट घातलं, हनुवटीखाली पट्टा लावला, त्यांनी लावू दिला. मग घरामागं काढून ठेवलेलं स्वतःचं हेल्मेट हातात घेतलं आणि तिथंच थबकले. पटक्यावर बसतंय का बघितलं. बसेना.

मी जवळ जाऊन म्हणाले, "तात्या, आज नका घालू. एवढा एकच दिवस. काकूंनी ओळखलंय तुम्हाला."

त्यांनी काकूंकडं बघितलं. काकू हसत होत्या, नव्या नवरीसारख्या.

"उतार तोच हाय, सुमन," ते म्हणाले. "मी पडलो तर हिला कोन सांभाळंल?"

त्यांनी पाठ फिरवली, पटका सोडून बोचक्यात कोंबला, तोंड पुसलं आणि हेल्मेट घातलं. वळले तेव्हा काकूंचं हसू गेलं होतं. त्या इकडं तिकडं बघायला लागल्या. "मालक कुठं गेले?"

"पुढं गेलेत," तात्या खाली बघत म्हणाले. "तुमाला घिऊन यायला सांगितलंय."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग त्या अंग चोरून, परक्याच्या सायकलवर बसावं तशा कॅरेजवर बसल्या. मी मागून चालत निघाले. उतार लागला तशी सायकल हळू झाली आणि काकूंचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"पाव्हणे, तुमी लई केलं आमच्यासाठी. आता छावनीत गेलो की आमच्या मालकांशी तुमची गाठ घालून देते."

"द्या की, बाई," तात्या म्हणाले आणि दोन्ही ब्रेक दाबून सावकाश उतार उतरू लागले.