अनंता असता तर

"यमुताई, हा खेळ म्हणजे निव्वळ सोवळं आहे हो," मनोहरराव सर ओट्याच्या पायरीवर उभे राहून सांगत होते. "अंगाला अंग लागलं की शिट्टी. पुन्हा लागलं की पुन्हा शिट्टी. पाच वेळा लागलं की खेळाडू बाहेर! शिवाशिव करणाऱ्याला आम्ही मैदानावर ठेवतच नाही."

महाल भागातल्या त्या घराला सुतक होतं. अनंता देवपुजारीचे कुणी चुलत चुलते इंदूरला वारल्याची तार सकाळी आली होती. अनंतानं त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. पण दहा दिवस त्यानं कुणाला शिवायचं नाही, असं त्याच्या मोठ्या काकूंनी, म्हणजे यमुताईंनी, सांगून टाकलं होतं. आणि अनंता म्हणजे सरांच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा पहिला खेळाडू. बाकीचे चौघे मैदानावर असायचे ते बॉल त्याच्याकडे फेकण्यापुरते. उद्या सेमीफायनल होती आणि परवा फायनल.

सरांच्या मागे गोविंदा भोयर उभा होता. कळमेश्वरच्या शेतकऱ्याचा मुलगा, सहा फूट उंच, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तीन वर्षं तो संघात होता आणि तिन्ही वर्षं बाकावर होता. सरांना एकट्याला यमुताईंची भीती वाटली म्हणून त्यांनी त्याला बरोबर आणलं होतं. दोघांना आत या असं कुणी म्हटलं नव्हतं. ते सुतकामुळे की एरवीही तसंच, हे विचारायची सोय नव्हती.

"म्हणजे कोणी कोणाला शिवतच नाही?" यमुताईंनी विचारलं.

"शिवलं की गुन्हा!"

"बरा आहे की मग खेळ." यमुताई जरा विरघळल्या. दाराआड उभ्या अनंताच्या तोंडावर हसू आलं. "पण तो चेंडू? तो तर सगळ्यांच्या हातातून फिरतो. कशाचा असतो तो?"

इथं सर बोलले असते तर बरं झालं असतं. सरांनी रबराचा म्हटलं असतं, लाकडाचा म्हटलं असतं, वेळ पडली तर चांदीचा म्हटलं असतं. पण गोविंदाला राहवलं नाही. तीन वर्षं दर शनिवारी त्या बॉलला तेल लावून पुसायचं काम त्याच्याकडे होतं. दुसरं कुठलं काम त्याला मिळालंच नव्हतं, म्हणून त्या बॉलचा त्याला अभिमान होता.

"अस्सल चामड्याचा हाय, काकू," तो छाती काढून म्हणाला. "थेट जालंधरहून मागवेल हाय. आपल्या कॉलेजात रबराचं काम नाही."

यमुताईंनी पदर तोंडाशी नेला. "चामडं? आमचा अनंता तीन वर्षं चामडं हातात घेऊन नाचतो? आणि घरी येऊन त्याच हातांनी देवांना फुलं वाहतो?"

झालं! दहा दिवसांची मनाई जन्माची झाली. दार लागलं. आतून अनंताचा आवाज आला, "गोविंद्या, तुला कोणी विचारलं होतं का बे?" आणि मागोमाग त्याला अंघोळीला पाठवल्याचा.

"मी तं चांगलंच सांगून राह्यलो होतो, सर," परतताना गोविंदा म्हणाला.

"तू आता बोलूच नको," सर म्हणाले. मग सायकलवर टांग टाकताना त्यांना आठवलं, की हा गाढवच आता अनंताच्या जागी खेळायचा आहे.

गोविंदाला वाईट वाटलं, हे खरं. पण आतून गुदगुल्याही झाल्या, तेही खरंच. या सामन्यांना विद्यापीठाच्या निवड समितीचे वझलवार साहेब येणार होते. विद्यापीठाच्या संघाचा बनियन ज्याच्या अंगावर चढेल त्याला कोराडीच्या वीजघरात खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागेल, असं सगळे म्हणत होते. आणि गोविंदाच्या बापानं, चंपतरावांनी, दिवाळीतच बजावलं होतं, "या साली नोकरी नाही लागली तं मामाच्या आटाचक्कीवर बसाचं." गोविंदाला पिठानं शिंका यायच्या. एकदा सुरू झाल्या की थांबत नसत. उभा जन्म शिंकत काढायचा की कोराडीला पंख्याखाली बसायचं, याचा निकाल त्या दोन संध्याकाळी लागणार होता.

सेमीफायनलला तो अनंताचा सात नंबरचा बनियन घालून उतरला. बनियन त्याला आखूड होता, पोट उघडं पडत होतं. भोंग्यावर पुकारा झाला, "अनंत देवपुजारी यांच्या जागी गोविंदा भोयर!" आणि सगळ्या मैदानभर "अरेरे" झालं. पहिली पाच मिनिटं त्यानं बॉल हाती येताच दुसऱ्याकडे फेकला. मग एक बॉल कोपऱ्यातून टाकला तो सरळ जाळीत. मग दुसरा. मग त्याचं त्यालाच कळेना असा तो खेळत सुटला. शेवटच्या क्षणी दोन्ही संघ बरोबरीत असताना बॉल त्याच्याच हाती आला, त्यानं तो टाकला, बॉल रिंगवर जरा घुटमळला आणि आत पडला. कॉलेज दोन पॉइंटांनी जिंकलं. गोविंदा धापा टाकत उभा राहिला आणि कुणी खांद्यावर घेतं का ते पाहू लागला. लोक नत्थूजींच्या ठेल्याकडे निघाले होते.

नत्थूजींचा चहापोह्यांचा ठेला मैदानाच्या फाटकाला लागून होता. मॅच मैदानावर व्हायची, पण निकाल ठेल्यावर लागायचा. तिथले न्यायाधीश रुपराव. ते धान्याच्या अडतीत कामाला होते आणि कॉलेजची पायरी कधी चढले नव्हते, पण एक मॅच चुकवत नसत. गोविंदा मान खाली घालून, कान टवकारून गर्दीच्या कडेला उभा राहिला.

"जिंकलो, पण मजा नाही आली गा," रुपराव पोह्यांवर चण्याच्या रश्शाची तर्री घेत म्हणाले. "अनंता असता तं वीस पॉइंटांनं जिंकलो असतो."

"वीस काहून? तीस म्हणा ना, भाऊ!"

"पण तो कोपऱ्यातून टाकला, तो बॉल भारी होता," एकजण चाचरत म्हणाला. गोविंदानं त्याचा चेहरा नीट पाहून ठेवला.

"कोपऱ्यात जाचं कामच काय होतं? अनंतानं मधातूनच टाकला असता."

"अन् शेवटचा?"

"अनंता असता तं शेवटपर्यंत गोष्ट जाऊ देता का बे?"

बशीतून चहा पिणारे वझलवार साहेब गंभीरपणे मान हलवत होते. "या देवपुजारीचा खेळ मी अजून पाहिलेला नाही," ते म्हणाले, "पण मघापासून दुसरं नावच ऐकत नाही. असा मुलगा विद्यापीठाच्या संघात नको?"

गोविंदा पुढे झाला. "साहेब, आज सात नंबर मी होतो."

"हो का? छान, छान. प्रयत्न चांगला केलास." साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि पुन्हा रुपरावांकडे वळून विचारलं, "मग तो डाव्या हातानंही टाकतो म्हणता?"

प्रयत्न! जिंकलेल्या माणसाला प्रयत्न म्हणतात का कुठं? गोविंदा तसाच सायकल काढून महालात गेला, निदान अनंता तरी विचारील म्हणून. तिथं ओट्याखाली दहाबारा पोरं पडलेल्या चेहऱ्यानं उभी होती. "अनंता, तू नसल्यावर काही खरं नाही राजा," असं एकेक जण म्हणत होतं. आत यमुताई डोळे पुसत शेजारणीला सांगत होत्या, "इंदूरच्या भावजींना इथं एवढी माणसं ओळखत होती, मला पत्ताच नव्हता हो." आणि अनंता दारात बसून, कुणाला न शिवता, राजासारखा सगळ्यांचं ऐकून मान डोलावत होता. या पोरानं आज अंघोळीपलीकडे काही केलं नव्हतं.

गोविंदा सायकलवरून उतरलाच नाही. गावाबाहेर वाडीला असलेल्या आपल्या भाड्याच्या खोलीपर्यंत त्यानं एकच विचार केला. या गावात मैदानावर उतरणारा मूर्ख आहे. जो उतरत नाही त्याला मान, त्याला नाव आणि त्यालाच कोराडीची नोकरी. मग आपण तरी काहून उतराचं?

सकाळी तो सरांकडे गेला. "सर, मले सुतक हाय."

"तुला?"

"चुलते वारले. मोठे."

"कधी? काल तर तू उड्या मारत होतास."

"रात्रीच निरोप आला. देवपुजारीले सुतक चालते, तं मले काहून नाही चालत?"

सरांना ते सोयीचंच वाटलं. प्राचार्यांचा भाचा श्रीधर महिनाभर त्यांच्या मागे लागला होता, एकदा तरी खेळवा म्हणून. तोही उंच होता. एवढाच त्याचा खेळ. "जा मग," सर म्हणाले, "मी श्रीधरला उतरवतो."

त्या संध्याकाळी गोविंदा वाडीच्या खोलीत दार लावून बसला. बाहेर ट्रकांची घरघर चालली होती. त्याच्या डोळ्यांपुढे मैदान उभं राहिलं. आता पुकारा झाला असेल. आता "अरेरे" झालं असेल. आता पहिला बॉल हुकला असेल आणि रुपराव म्हणाले असतील, भोयर असता तं! त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं उठून केसांना तेल लावलं, कुणी ओळखू नये म्हणून डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि मॅच सुटायच्या बेतानं ठेल्यावर हजर झाला.

"कितीनं हरलो, भाऊ?" त्यानं एकाला विचारलं.

"सोळानं."

सोळा! गोविंदाला आनंद झाला. कॉलेज हरल्याचा आनंद होतो म्हणून लाजही वाटली, पण आनंद मोठा होता.

"हरलो त्याचं एकच कारण हाय," रुपराव सांगत होते. "तो भोयर!"

"हो ना!" गोविंदा गर्दीत घुसला. "सांगा ना, रुपरावभाऊ. भोयर काय?"

"तीन बॉल हातातून सोडले बे त्यानं. लेकरानं धरले असते असे. म्या माह्या डोयानं पाह्यलं. अनंताच्या जागी असा गडी उभा केल्यावर दुसरं का होईन?"

गोविंदानं जोरात मान हलवली. "भोयर नव्हताच," तो म्हणाला.

"नव्हता कसा? भोंग्यावर सांगतलं ना! देवपुजारीच्या जागी गोविंदा भोयर. सात नंबर."

भोंग्यावाल्यानं कालचाच कागद वाचला होता. त्याला कुणी सांगायला गेलंच नव्हतं. गोविंदानं दुपट्टा ओढून काढला. "मी भोयर होय! मी वाडीले होतो, खोलीत. तो श्रीधर होता!"

रुपरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हाच होय," ते म्हणाले. "पाहा, तेच हात."

"येवढी पब्लिक पाहून आली, अन् हा म्हणते मी नव्हतोच," नत्थूजी चहा गाळताना म्हणाले.

गोविंदानं सरांना शोधलं. सर तिथंच, वझलवार साहेबांशेजारी कप घेऊन उभे होते. त्यांचा एक शब्द पुरला असता. सरांनी गोविंदाकडे पाहिलं, मग पलीकडे खुर्चीवर बसलेल्या प्राचार्यांकडे पाहिलं, मग कपात पाहिलं. "त्याचं मनावर घेऊ नका," ते हळव्या आवाजात म्हणाले. "कालच त्याचे चुलते वारलेत. डोकं ठिकाणावर नाही पोराचं."

वझलवार साहेब पुढे आले आणि त्यांनी गोविंदाच्या खांद्यावर हात ठेवला. "दुःख आहे, समजतो मी. पण भोयर, हरल्यावर मी नव्हतोच असं म्हणणं फार सोपं असतं. खऱ्या खेळाडूनं चूक कबूल करावी. आता देवपुजारीला मी घेतलाय. घरून परवानगी नाही म्हणतात, पण संघात नाव तर राहील!"

सगळे गोविंदाकडे बघत होते. श्रीधरही बघत होता, अंगावर सात नंबरचा बनियन आणि तोंडात पोह्यांचा घास. चुलता जिवंत आहे म्हणावं, तर आपण लबाड ठरणार. मेला म्हणावं, तर वेडे ठरणार. गोविंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून लोकांना बरं वाटलं.

"चुकलं, साहेब," तो म्हणाला. "तीन बॉल सोडले मी."

"चार," मागून कुणीतरी म्हणालं.

"चार," गोविंदा म्हणाला.

"हां, आता कसा बोलला!" रुपराव खूश झाले. "द्या त्याले चहा, नत्थूजी. माह्याकडून."

नत्थूजींनी भरला गिलास गोविंदाच्या हातात दिला. आणि तो घट्ट धरेपर्यंत, खालून आपला दुसरा हात लावून ठेवला.