परातीतलं बेसिल

बी पेरायला काय अक्कल लागते हो? माती, पाणी, बी. संपला विषय! सेक्रेटरी कमलेशच्या स्कूटरवर 'विकणे आहे' अशी पाटी त्याच्याच नंबरासकट लावून ज्याने त्याला आठवडाभर फोन घ्यायला लावले, त्या मला, सुधीरला, घरात चार पानं पिकवता येणार नाहीत? डोंबिवलीत मला कोण ओळखत नाही!

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव अद्वय बंगळुरूला असतात. फोनवर म्हटलं, "दिवाळीला ये की रे!"

"बघू बाबा. काम आहे."

"तुझा तो पास्ता करू."

"ताजं बेसिल कुठाय तिथे? पिकवा घरी, मग येतो!" म्हणाला, हसला आणि फोन ठेवला.

तो हसला. मी बी मागवलं.

व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या, पसरट भांड्यात माती घ्या, उबेला ठेवा, वरून प्लास्टिक झाका, पण प्लास्टिक मातीला टेकू देऊ नका. आमच्या घरात उबेची जागा एकच, देवघराचा कोपरा. पितळेची परात घेतली, माती भरली, बी भुरभुरलं. प्लास्टिक वर राहावं म्हणून मधोमध रसिकाचा तांब्या उभा केला. शेजारी पिवळा बल्ब. रसिका म्हणजे आमची ही. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमच्याकडे बेल वाजवतो तो फक्त कुरियरवाला.

हात धुतो न धुतो तोच बेल! समोरची कल्पिता.

"काका, माझं पार्सल..." म्हणाली आणि एकदम तोंडावर हात! "अय्या काका! काकूंचा घट परत बसवलात?"

मी वळून बघितलं. परात, माती, मधे तांब्या, बाजूला उजेड. आणि त्या दिवशी नेमकी घटस्थापना! ठाण्याच्या टेंभी नाक्यापासून कल्याणपर्यंत देवी बसलेली, मला पत्ताच नाही.

"अगं, घट नाही, बेसिल आहे! पिझ्झावर घालतात ते!"

"झाली काकांची मस्करी सुरू! देवीच्या बाबतीत तरी सोडा ना!" आणि डोळे पुसत गेली.

पाच मिनिटांत तिची सासू आवडाबाई हजर! इथे बिल्डिंगी यायच्या आधीपासूनची गावची बाई. एका हातात झेंडूची माळ, दुसऱ्या हातात नारळ.

"आरं सुधीर, तांब्यावर नारल नाय? असा कुठं घट असतंय?"

"आवडाबाई, शपथ सांगतो, हे खायचं आहे!"

"कवरा खोटा बोलशील रं! देवीसमोर तरी खरा बोल!"

प्लास्टिक उडालं. तांब्यावर नारळ बसला, वर माळ चढली. बल्बच्या जागी समई आली. आता समई विझू द्यायची नाही आणि घट असलेलं घर कुलूप लावून सोडायचं नाही! मग काय, मी भाजी आणायला निघालो की घरात कोणीतरी येऊन बसणार. संध्याकाळी आरती. कमलेश तर झांजा घेऊन आला! त्याला बाजूला घेऊन मी बियांचं पाकीटच दाखवलं.

"वा!" तो म्हणाला. "पाकीटसुद्धा छापून आणलंस? मेहनत आहे बाकी!"

रोपं वर आली. इवली इवली, गोल पानांची. आवडाबाईंनी चष्मा लावला. "यंदा गहू असा बुटका कसा रं?"

"हायब्रीड," मी म्हटलं.

बोललो असतो परत खरं. पण तेव्हा माझ्याच सोफ्यावर बसून कल्पिता आणि कमलेशची बायको रसिकाच्या साबुदाणा खिचडीत मिरची असायची की तिखट, यावर कचाकचा भांडत होत्या. ते भांडण बंद कोण करणार?

दसरा उजाडला. आता तुम्हाला माहितीय, दसऱ्याला घटात उगवलेलं काढतात. बायका केसात माळतात, पुरुष कानावर खोवतात.

"ओ, थांबा! ते अद्वयचं आहे!" मी ओरडलो.

"त्याला पण ठेवू की जुडी!" कल्पिता म्हणाली. बोलेपर्यंत परातीला टक्कल! अर्धी दिवाळी आवडाबाईंच्या अंबाड्यात, अर्धी कमलेशच्या कानावर. हॉलमध्ये वास असा, की आत्ता कोणीतरी ऑर्डर घ्यायला येईल!

"देवीच्या धान्याचा वास बघ, कसा दिव्य!" कमलेश म्हणाला.

तेवढ्यात अद्वयचा व्हिडिओ कॉल!

"बाबा, एवढी माणसं? काय चाललंय?"

"तुझं बेसिल वाटतोय."

"कुठाय?"

मी फोन कमलेशच्या कानाकडे फिरवला. अद्वय खो खो हसला. "तुम्ही नाही सुधारणार!"

"दिवाळीला येतोयस ना?"

"अहो, तुमच्याकडे तर जत्रा भरलीय! मी उगाच टेन्शन घेत होतो, बाबा एकटे असतील म्हणून. आता निवांत झालो. दिवाळीचं नाही जमणार. पुढच्या वर्षी नक्की बघतो हां!"

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मग मी उरलेलं बी पेरलं. तीच परात, तोच तांब्या, तोच बल्ब. नारळसुद्धा ठेवला वर! आणि कल्पिता जिन्यात दिसली तसा दारात जाऊन उभा राहिलो.

"काका, हे काय परत?"

"घट!" मी म्हटलं. "दुसरा बसवलाय. ये ना, बस जरा!"

"काय काका!" ती हसली. "दसऱ्यानंतर कसला घट? बेसिल आहे ते, अद्वयला तुम्हीच सांगितलंत! फसायला मी काय कमलेशकाका आहे?" आणि खडखड जिना उतरून गेली.

तेव्हापासून दार उघडंच ठेवतो. रोपांना हवा लागते म्हणून. खरंच लागते हो! विचारा त्या व्हिडिओतल्या बाईंना.