हसल्याशिवाय दार उघडत नाही

"महिपती, खिडकीत बसून हसायचं नाय. हसलास, की समोरच्याला वाटतं काम होणार."

हा आवाज बाबाजी हेडक्लार्कांचा. महिपती रोह्याच्या कचेरीत चिकटला त्याच दिवशी तो त्याच्या कानात पडला आणि तिथेच वस्तीला राहिला. बाबाजी निवृत्त झाले, पुढे वारले, कचेरीची कौलं जाऊन स्लॅब आला. पण महिपतीच्या चेहऱ्यावर बजावलेला तो आदेश कोणी रद्द केला नाही. सबंध नोकरीत त्याने लाच घेतली नाही, लेटमार्क घेतला नाही आणि दात दाखवले नाहीत. लोक खिडकीशी येत, त्याचा चेहरा बघत आणि काही न विचारता माघारी जात. त्यामुळे त्याच्या टेबलावर कधी काम तुंबलं नाही. या कार्यक्षमतेबद्दल त्याचा सत्कारही झाला. सत्काराच्या फोटोत तो असा उभा आहे, की बघणाऱ्याला वाटावं, नारळ दिलेला नसून त्याच्या डोक्यात घातलेला आहे.

संध्याकाळी चेहरा कचेरीत जमा करून घरी जाण्याची सोय सरकारने ठेवलेली नव्हती. म्हणून तो घरीही तोच घेऊन यायचा. घरी काशीबाई. पेणच्या रामवाडीची, तोंडाने बोलकी, गालाने हसरी. नवी नवरी असताना ती ताट वाढून पदराशी चाळा करत विचारायची, "कसं झालंय?"

"ठीक."

हिरवं लुगडं नेसून दारात उभी राहायची. "कशी दिसते?"

"ठीक."

पहिली मुलगी झाली, तेव्हा सगळं माहेर पाळण्याभोवती श्वास धरून उभं होतं. महिपतीने वाकून पाहिलं, नाक-डोळे-कान तपासले आणि म्हणाला, "ठीक आहे." सासूबाईंना वाटलं, आता खाली सही करतो की काय.

काशीबाईने दागिना मागितला नाही, काशीयात्रा मागितली नाही. तिच्या मनात एकच आस होती: या माणसाच्या तोंडून एकदा, मरायच्या आधी एकदा, काहीतरी आवडल्याचं ऐकायचं. केस पांढरे झाले, महिपती निवृत्त झाला, तरी ते ऐकायचं राहिलंच होतं.

आणि मग रामवाडीच्या पुढे, हायवेच्या कडेला, हर्षनगरी नावाचं उद्यान उघडलं. काशीबाईचा भाचा रघू तिथे शिफ्टमध्ये पाळणे फिरवायचा. तो नाताळाच्या तोंडावर पास घेऊन रोह्याला आला.

"आत्या, मामांना घेऊन ये. बर्फ पडतो तिथं."

"पेणात? बर्फ?"

"मशिनीनं पडतो गो. कंपनीचाच हाय."

काशीबाईने मनाशी हिशेब मांडला. जिथे पेणसारख्या ठिकाणी बर्फ पडू शकतो, तिथे आमच्या ह्यांच्या तोंडून एखादा शब्द पडणं काही अगदीच अशक्य नाही.

नाताळच्या दिवशी दोघं पोचली. ऊन टळटळीत होतं. खांबावरच्या यंत्रातून साबणाचा फेस उडत होता आणि पोरांच्या डोळ्यांत जात होता. पोरं रडू लागली की भोंग्यातून आधीच भरून ठेवलेलं हसू वाजायचं, म्हणजे एकूण वातावरणाचा तोल राखला जाई. दारातच सांताक्लॉजची भली थोरली मूर्ती होती. ती पेणच्याच एका कारखान्यात, गणपतीचा हंगाम संपल्यावर घडवलेली. कारागिरांचे हात आपल्या वळणाने गेले होते. पोट भरदार, डोळे अर्धे मिटलेले, उजवा हात आशीर्वादाचा. म्हाताऱ्या बायका चपला काढून हात जोडत होत्या. व्यवस्थापनाने आधी 'सांतास नारळ वाहू नये' अशी पाटी लावली होती. जमलेले नारळ पाहून नंतर ती काढून टाकली.

कापसाच्या दाढीचा एक जिवंत सांताही फिरत होता. त्याने महिपतीशी हात मिळवला.

"आपण कुठल्या खात्याचे?" महिपतीने विचारलं.

मोठ्या पाळण्यात बसून दोघं वर गेली. वरून मिठागरांचे चौकोन दिसले, आरशाचे तुकडे मांडून ठेवल्यासारखे. खाडीची वाकडी रेघ दिसली, रोह्याकडे जाणारे रूळ दिसले. वाऱ्याने काशीबाईचा पदर उडाला, अंबाडा सुटला. ती पोरीसारखी खिदळली.

"अहो, कसं वाटतंय?"

"ठीक."

पाळणा आणखी एक फेरा फिरला.

"आता?"

"तसंच."

काशीबाईने अंबाडा बांधून टाकला.

परतीच्या वाटेवर 'आनंदी निर्गमन द्वार' होतं. तिथे कॅमेरा. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, हसायचं; हिरवा दिवा लागला की लोखंडी दांडा फिरतो. काशीबाई सवयीने हसली, दांडा फिरला, ती बाहेर. मागोमाग महिपती उभा राहिला. यंत्राने बराच वेळ पाहिलं आणि गोड आवाजात म्हटलं, "कृपया चेहरा दाखवा."

"दाखवलाय," महिपती म्हणाला.

"कृपया चेहरा दाखवा."

तो जवळ सरकला. लाल दिवा लागला. "आनंद अपुरा. कृपया पुन्हा आत जावे."

अतिथी-हर्ष अधिकारी पुंडलिक धावत आला. त्याचं हसू गणवेशातलंच होतं, टायसारखं घट्ट.

"काका, आमच्याकडून कोणी नाराज जात नाही."

"मग मला जाऊ द्या."

"तुम्ही गेलात, तर एक जण नाराज गेला असं होईल."

"मी नाराज नाही."

"तसा पुरावा चेहऱ्यावर आढळत नाही, काका."

"नियम लेखी आहे?"

पुंडलिकने भिंतीकडे बोट केलं. तिथे लिहिलं होतं: 'आजवर शंभर टक्के पाहुणे आनंदाने परतले.'

"आणि जे हसत नाहीत ते?"

"ते परतलेच नाहीत ना, काका. त्यांचा मुक्काम चालू आहे."

महिपती थक्क झाला. उभ्या नोकरीत इतका निर्दोष युक्तिवाद त्याला स्वतःला सुचला नव्हता. आदरापोटी तो निमूटपणे आत गेला.

आत आनंदपूर्ती कक्ष होता. तिथे त्याच्याभोवती पिपाण्या वाजवत मुली नाचल्या. त्याला केक भरवला, मांजरीची पिल्लं दाखवली. एका प्रशिक्षकाने पोट हलवून हसण्याचं प्रात्यक्षिक केलं. महिपतीने ते शेवटपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, "ठीक." प्रशिक्षक कोपऱ्यात जाऊन बसला.

त्याच कोपऱ्यात मघाचा सांता दाढी गळ्याशी ओढून वडापाव खात होता.

"मी काळुराम. कोलाडला हॉटेल हाय माझं. व्हतं म्हणा."

"इथे कधीपासून?"

"गणपतीत आलो. पोरं हसली, गेली. बायको हसली, गेली. मला काय हसायला येईना. आता ती फोनवर सांगते, तुम्ही नसताना हॉटेल जोरात चाललंय. ते ऐकल्यापास्नं तर अजूनच येत नाय."

"मग हे सांताचं?"

"दाढीमागं हसू लागत नाय ना, साहेब! हितले समदे सांता आपल्यातलेच. दसऱ्याला आमी रावण व्हतो."

तेवढ्यात पुंडलिक हातात लाल डगला घेऊन आला. "काका, मापात बसेल तुम्हाला."

बाहेरून काशीबाईने दाराच्या गजांवर हात आपटले. "अहो, रोह्याची गाडी जाईल! हसा जरा! इथं कोण वळखतंय तुम्हाला?"

महिपती पुन्हा कॅमेऱ्यासमोर आला. त्याने ओठ दोन्ही बाजूंना ओढले. मागच्या रांगेतलं एक मूल भोकाड पसरून रडलं. यंत्र म्हणालं, "कृपया वैद्यकीय मदत घ्यावी."

रांग तुंबत चालली. आपला नंबर केव्हाही येईल म्हणून सगळ्यांनी आधीच हसू धरून ठेवलं होतं. ओठ न हलवता लोक ओरडू लागले, "ओ काका, हसा की! आमचे गाल दुखायला लागले!" एका गृहस्थाने तर हसऱ्या तोंडाने अशी शिवी हासडली, की यंत्राने त्याला लांबूनच हिरवा दिवा दिला.

"एक शेवटची तरतूद आहे," पुंडलिक म्हणाला. "पूर्वानंदाची साक्ष. जवळच्या माणसाने एवढंच सांगायचं, की यांना पूर्वी कधीतरी खूश झालेलं मी पाहिलंय. काकी, तुम्ही पाहिलंय?"

"हो म्हणा, काकी!" सगळी रांग ओरडली.

एक 'हो' म्हणायला काय लागतं? काशीबाईने आयुष्यभर तिन्हीत्रिकाळ हो म्हटलं होतं. पण आता तिने गज धरले आणि खरोखरच आठवू लागली. लग्न आठवलं, बारसं आठवलं, मुलीची पाठवणी आठवली. महिपती तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. शोधून शोधून थकलेलं माणूस पायरीवर बसावं, तशी तिची नजर खाली बसली.

"नाय," ती म्हणाली. "कधीच नाय बघितलं."

उधाणाच्या भरतीला खारजमिनीचा बांध कुठे फुटेल ते सांगता येत नाही. महिपतीचा तिथे फुटला.

"थांबा," तो म्हणाला. "मला काही सांगायचंय."

"सांगा, पण हसून सांगा," पुंडलिक म्हणाला. "कॅमेरा चालू आहे."

"काय नको," काशीबाई म्हणाली. "तसंच सांगा. हसून सांगणारे लय बघितले मी."

महिपतीने घसा साफ केला. "काशी, मी दर बाजाराला वाल आणतो."

"आणता. बिरड्यासाठी."

"बिरडं मला आवडत नाही. घशाखाली उतरत नाही. लग्न झाल्यापासून."

काशीबाईचा आ वासला. "मग आणता कशाला?"

"वाल भिजतात. त्यांना मोड येतात. मग तू ओटीवर सोलायला बसतेस आणि सोलता सोलता गातेस. तुझ्या आईचे ते धवले, लग्नातले. नवरी वेशीपर्यंत जाते आणि मांडव तिला मागून हाका मारतो, तो एक. मी आत पेपर धरून बसतो. वाचत नाही. तुझा आवाज त्या हाकेवर जरा कापतो, तिथे मला..." तो थांबला. "फार आवडतं मला ते. सांगितलं असतं, तर लाजून बंद केलं असतंस. म्हणून बिरडं खाल्लं."

एवढं सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नव्हती. यंत्र म्हणालं, "आनंद अपुरा."

पण रांगेत काहीतरी झालं. एका बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आईकडे पाहिलं. कोणी मोबाईल उघडून दिवसभराचे हसरे फोटो पाहिले आणि बंद केला. त्या रांगेत तुमच्या-आमच्यातले बरेच जण होते. प्रत्येकाला आपलं सांगायचं राहिलेलं आठवलं आणि तोंडावर धरून ठेवलेलं हसू एकेकाच्या गालावरून गळत गेलं. रांगेच्या कडेने लावलेले दिवे लाल, लाल, लाल होत मागे पाळण्यापर्यंत गेले.

हर्षनगरीच्या नियमावलीत एक कलम होतं: सर्व पाहुण्यांचे चेहरे एकाच वेळी उतरल्यास आग लागली आहे असे समजून दारे उघडावीत. भोंगा वाजला. दारं उघडली. पळालं मात्र कोणी नाही. जो तो आपल्या माणसाला बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटत होता. फक्त काळुराम दाढी हातात घेऊन सगळ्यांमधून वाट काढत कोलाडच्या दिशेने चालू लागला. "हसा! कृपया हसत राहा!" असं पुंडलिक ओरडत होता, आणि त्याचं स्वतःचं हसू त्याला काही केल्या मिटता येत नव्हतं.

महिपती बाहेर आला आणि बायकोपुढे उभा राहिला. काशीबाईने पदराने डोळे पुसले. पुसता पुसता तिच्या कपाळावर हळूहळू आठी चढली.

"म्हणजे एवढी वर्षं तुम्हाला बिरडं आवडत नव्हतं?"

"नाही."

"आणि मी नखं तुटेस्तोवर वाल सोलत व्हते?"

"हो."

काशीबाईने आजूबाजूला पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "मग आता माझं पण ऐका. मला वालाचा वास सहन होत नाय. तो विसरायला मी गायचे."