कादंबरीतल्यांचं सुतक

शेजारच्या सिंधुअक्कांच्या न्हाणीघरात भरदुपारी बादली वाजायला लागली की आम्हाला कळतं, कादंबरीतलं कुणीतरी गेलं. माझी बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारते, "अक्का, कोण हो?" आतून उत्तर येतं, "थोरला सरदार! पुतण्यानं जिन्यावरनं ढकलला. गेला ते बरंच झालं बघ, पण अंघोळ काय चुकत नाही."

धारवाडात सुतक पाळणारी माणसं अजून पुष्कळ आहेत, पण छापील माणसांचं सुतक पाळणारी ही एकच. नियम ठरलेले. नायिका गेली तर डोक्यावरून अंघोळ आणि त्या दिवशी जेवणात कांदा नाही. गाडीवान गेला तरी अंघोळ, कारण "तो काय माणूस नव्हे?" ड्रॅगन मेला तर पाय धुतले की भागतं. आणि रक्त पिणाऱ्या पिशाच्चाच्या छातीत खुंटी ठोकली तर काहीच नाही. "तो आधीच मेलेला. एकाच माणसाचं दोनदा कोण करत बसणार?"

उलट, नायिका भुताच्या हवेलीतून जिवंत बाहेर पडली तर शिरा होतो आणि एक वाटी कंपाउंडवरून आमच्याकडे येते. मध्यंतरी अक्कांच्या हाती लागलेल्या सगळ्या नायिका ओळीनं मरायला लागल्या. शेवटी मीच वाचनालयात जाऊन गोड शेवटाची एक जाडजूड कादंबरी शोधून आणली. नायिकेचं लग्न झालं, मला शिरा मिळाला.

अक्का शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान, वकीलसाहेब, गेल्यापासून त्या दोन खोल्यांच्या बैठ्या घरात एकट्याच असतात. मुलगा श्रीकांत बेंगळूरला. "अम्मा, चल माझ्याकडे," हे तो दर सुट्टीत येऊन सांगतो आणि अक्का त्याला दर सुट्टीत चकल्यांचा डबा देऊन परत पाठवतात.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा अक्का एकट्या असतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "अंगावर शाल तरी घे ग बाई! मेणबत्ती घेऊन कुठं निघालीस? त्या खोलीत जाऊ नको म्हणून सांगितलंय की नाही तुला?" मग आवाज चढला आणि भाषा बदलली, "हुच्ची! मनी बिट्ट होग!" म्हणजे, वेडे, घर सोडून जा. माझी बायको हातातलं लाटणं तसंच घेऊन त्या गरीब सुनेला सोडवायला धावली. दार उघडून अक्कांनी लाटण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ये की. पोळ्या लाटायच्यात का?" आत सून नव्हती. आरामखुर्चीत एक इंग्रजी कादंबरी पालथी पडली होती. अक्का पात्रांना समजावतात मराठीत आणि झापतात कन्नडमध्ये, हे आम्हाला पुढे सवयीनं कळलं.

अक्कांची मतं ऐकायची तर वेळ काढून बसावं लागतं. इंग्रजांच्या अभिजात कादंबऱ्यांचा त्यांना भारी राग. "चारशे पानं नुसते नाचायलेत आणि पत्रं लिहायलेत. अरे, आवडली तर विचार की सरळ! आमच्यात आले, पोहे खाल्ले, विचारून मोकळे." भुतांच्या कादंबऱ्यांबद्दल तक्रार वेगळी. "एवढी मोठी हवेली, चाळीस खोल्या, आणि कामाला एकच म्हातारी. जळमटं होणार नाहीत तर काय होणार? त्यात भुताचा काय दोष?" दुर्गदबैल बाजारातल्या धान्याच्या गोदामात शिरलं तर याहून जास्त भीती वाटते, असंही त्या सांगतात.

अद्भुत कादंबऱ्यांत त्यांचं लक्ष फक्त दोन गोष्टींवर, नकाशा आणि जेवण. "ही नदी डोंगर चढायलीय बघ," असं म्हणून त्या लाल पेन्सिलीनं नदीचा मार्ग दुरुस्त करतात. वाचनालयानं त्यांना दोनदा समज दिली आहे. "आणि तीन भाग झाले, जादूची तलवार शोधत चालायलेत. एकदा तरी कुणी भाकरी भाजली का? निघताना डबा कुणी दिला, त्याचाही पत्ता नाही. असली माणसं राज्य काय सांभाळणार?" ड्रॅगन मात्र त्यांना पसंत आहे. एका जागी बसतो आणि घर राखतो.

पण या सगळ्या वाचनाचं सार एकच. "मी पहिल्या पानावरच सांगते, त्या घरातनं नीघ. ऐकलं असतं तर एवढं झालंच नसतं."

गेल्या महिन्यात श्रीकांतचा मला फोन आला. अक्का न्हाणीघरात घसरल्या होत्या. फार लागलं नव्हतं, पण त्याचा धीर सुटला होता. "रविवारी मी गाडी घेऊनच येतोय. तेवढी तिची समजूत घाल, तुझं ऐकते ती." माझं कुणीच ऐकत नाही, पण शेजारी म्हणून हो म्हणावं लागतं.

दुपारी गेलो. अक्का पाय वर घेऊन वाचत होत्या. मी वकिली पवित्रा घेतला. "अक्का, प्रत्येक नायिकेला तुम्ही ओरडून सांगता, घर सोड म्हणून. मग स्वतः का सोडत नाही?" मला वाटलं, आता या निरुत्तर होणार.

"त्यांच्या घरात भूत असतंय रे, म्हणून सांगते," अक्का म्हणाल्या. "माझ्या घरात कुठाय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"हे गेले तेव्हापासनं वाचायलीय बघ मी असली पुस्तकं. सगळ्यांच्या घरी कोण ना कोण येतंय. खून झालेले येतात, बुडालेले येतात, कुणी न बोलावलेलेसुद्धा येतात. एक आमचे हेच तेवढे येईनात."

"वकीलसाहेबांचा भुतांवर विश्वासच नव्हता की," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो.

"नव्हता. त्यात उशिराची सवय. कोप्पीकर रोडच्या ऑफिसातनं निघालो म्हणून फोन करायचे आणि वाटेत कुणाशीतरी बोलत उभारायचे. मी आपली सार गरम करतेय, परत गरम करतेय." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आता आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? बेंगळूरचा पत्ता कुठं ठाऊक आहे त्यांना?"

समजूत घालायला आलेला मी, उठून न्हाणीघरात धरायला दांडा कुठे बसेल ते बघून आलो.

संध्याकाळी श्रीकांतनं फोनवर विचारलं, "तयार झाली का?"

"नाही. आणि तूही आग्रह धरू नकोस," मी म्हणालो. "न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेऊ. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही डोकावू."

"पण ती म्हणते तरी काय?"

मी सांगून टाकलं. "तुझे अप्पा आले आणि घराला कुलूप दिसलं तर, म्हणतात."



"बरं," श्रीकांत म्हणाला. "आले तर तिला म्हणावं, मलापण लगेच फोन कर."