विहिणींचं रेकॉर्डिंग

कोबेतल्या त्या तळघरातल्या जॅझच्या बारमध्ये ताझुको इनाबा दर महिन्याला यायची ती गाणं ऐकायला नव्हे. मुलगा कोहेई तिथे डबल बास हे माणसाएवढं, खर्जातलं तंतुवाद्य वाजवायचा, म्हणून तिला खांबालगतचं टेबल मिळायचं आणि तिथून सगळे लोक दिसायचे. कोण कोणाबरोबर आलंय, कोणाचं भांडण झालंय, कोण नुसता थंडाव्याला बसलाय, हे ती नवऱ्याच्या, शिगेनोरीच्या, कानात सांगत राहायची. शिगेनोरी बिअर पीत मान हलवायचा.

आजची संध्याकाळ मात्र वेगळी होती. कोहेईचं लग्न ठरत आलं होतं. रिन नावाची मुलगी होती आणि तिचे आईवडील तोत्तोरीहून पहिल्यांदाच भेटायला येणार होते. भेट गाण्याच्या वेळी ठेवली की फारसं बोलावं लागत नाही, हा कोहेईचा हिशेब. त्यात आजच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं आणि ते रिनच करत होती. सुरुवातीलाच तिनं सगळ्यांना विनंती केली होती की टाळ्यांसाठी वर माइक टांगलेत, तेव्हा वादन चालू असताना कृपा करून बोलू नका. ताझुकोनं मान डोलावली. नवऱ्याच्या कानात सांगणं याला ती बोलणं समजत नसे.

दुसऱ्या रचनेत बाकीची वाद्यं थांबली आणि पियानो एकटाच हळुवार वाजू लागला. तेवढ्यात दार उघडून एक जोडपं आत आलं. ताझुको नवऱ्याकडे झुकली.

"ती बाई बघा. नवऱ्याच्या दोन्ही हातांत ओझं आणि हिच्या हातात पंखा. हिची मुलगी ज्या घरात जाईल, त्या घराचं काही खरं नाही."

रचना संपल्यावर बारच्या मालकानं त्या जोडप्याला थेट खांबालगतच्या टेबलाशी आणलं. बाईनं वाकून नमस्कार केला आणि आपण रिनची आई, हात्सुए मिनाकामी, असं सांगितलं. नवऱ्याच्या हातांतलं ओझं म्हणजे इनाबांसाठी आणलेल्या नाशपातीच्या दोन पेट्या होत्या.

ताझुको इतकी खाली वाकली की कपाळ ग्लासाला लागायचं राहिलं. शिगेनोरीनं बिअरमध्ये नजर बुडवली ती वर काढलीच नाही. मग ताझुकोनं नाशपातींचं कौतुक केलं, पंख्याचं केलं, प्रवासाची चौकशी केली. हात्सुएही काही कमी नव्हत्या. कोहेईवरचे संस्कार दिसतातच, म्हणाल्या, आणि ताझुकोच्या ताटलीत स्वतःच्या हातानं लोणचं वाढलं. अर्ध्या तासात दोघी एकमेकींना विहीणबाई म्हणायला लागल्या. बाई मनानं किती मोकळी आहे, आपण उगीच काहीबाही बोललो, असं ताझुकोला वाटलं. नशीब, नवऱ्याशिवाय कोणी ऐकलं नव्हतं.

मध्यंतरात मालक उभा राहिला. दुसरी रचना आज फार सुंदर झाली, तेव्हा ती सगळ्यांनी एकदा ऐकावी, असं त्यानं जाहीर केलं आणि रिनकडे बघितलं. रिननं बटण दाबलं.

पियानो एकटा पडला आणि भिंतीवरच्या दोन्ही स्पीकरांतून ताझुकोचा आवाज आला. पंखा, ओझं, मुलगी, घर, एक शब्दही सुटला नव्हता. लोकांनी माना वळवल्या. ताझुकोला खुर्चीखाली जावंसं वाटलं. हात्सुएंचा पंखा जागच्या जागी थांबला. स्टेजवर कोहेईनं बासची मान आधारासारखी धरली. लग्न मोडलं, एवढंच ताझुकोच्या मनात आलं. तेवढ्यात स्पीकरांतून दुसरा आवाज आला, दाराजवळच्या माइकनं टिपलेला.

"अहो, खांबाजवळची ती बघा. फौजदारासारखी एकेकाला तपासतेय. आपल्या रिनला असली सासू मिळाली तर पोरगी आठ दिवसांत परत येईल."

आता पंखा हात्सुएंच्या तोंडावर गेला.

रिन शांतपणे टेबलाशी आली. हेडफोन अजून तिच्या गळ्यात होता.

"तुला हे आधी ऐकू आलं नव्हतं का गं?" हात्सुएंनी कसंबसं विचारलं.

"आलं होतं ना. बोललात तेव्हाच."

"मग लावलंस कशाला?"

"दोघी बोललात म्हणून. एकीच बोलली असती तर पुसून टाकलं असतं." तिनं आधी आईकडे आणि मग ताझुकोकडे पाहिलं. "आता फिट्टंफाट झाली. नाहीतर मला जन्मभर दोघींचं पोटात ठेवून हसत बसावं लागलं असतं. ही रचना आता पुन्हा घ्यायचीय. या वेळी गप्प बसा."

आणि ती आपल्या जागी निघून गेली. दोन्ही बाप एकमेकांकडे न बघता ग्लास उचलून काउंटरवर जाऊन बसले.

हात्सुए पंख्याआडून पुटपुटल्या, "विहीणबाई, एक सांगून ठेवते. पोरगी माझ्यावर गेलेली नाही."

ताझुकोला उत्तर सुचलं होतं, पण रिन तिच्याकडेच बघत होती. वादन सुरू झालं. दोघी हात मांडीवर ठेवून, डोळे समोर लावून बसल्या. कोण आलं, कोण गेलं, ताझुकोनं काही पाहिलं नाही. पियानोच्या मागून एक खोल, सावकाश सूर उठला आणि सबंध तळघर भरून राहिला. हे आपला कोहेई वाजवतोय, हे लक्षात यायला तिला थोडा वेळ लागला.