व्हॉल्व्हची ऊब

दुपारी सासूबाई आडव्या झाल्या, की घरात टाचणी पडलेलीसुद्धा खपत नसे. आणि नेमकी तीच वेळ डॉक्टरांची गिटार वाजवायची. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. सकाळी दवाखाना, संध्याकाळी दवाखाना; मधली दुपार तेवढी स्वतःची. आजवर यात काही अडचण नव्हती. इलेक्ट्रिक गिटार ॲम्पशिवाय, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीशिवाय वाजवली, की डास गुणगुणल्याइतकाच आवाज येतो, आणि सासूबाईंना डासांची सवय होती. पण आता दिवाणखान्याच्या कोपऱ्यात कप्तानांचा ॲम्प येऊन बसला होता.

कप्तान कुठल्या जहाजाचे कप्तान नव्हते. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सहलीत मुलांवर ज्या आवाजात हुकूम सोडायचे, त्यावरून हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. त्यांचा एक छोटा बँड होता. ड्रमवर बेकरीवाला, बेसवर सलूनवाला, आणि गिटार व गाणं दोन्ही कप्तानांकडे. डॉक्टर कित्येक वर्षं या बँडच्या मागे होते, म्हणजे अगदी खरोखरच मागे, स्टेजच्या मागच्या बाजूला वायरी गुंडाळत. यंदा कप्तानांची बोटं आखडायला लागली. त्यांनी फक्त गायचं ठरवलं आणि वाचनालयाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमासाठी गिटार डॉक्टरांच्या हातात आली. डॉक्टरांना इतका आनंद झाला, की त्या दिवशी त्यांनी एका पेशंटची भलतीच दाढ ठोकून पाहिली आणि वर "छान, छान" म्हणाले.

"नियम एकच," कप्तानांनी बजावलं होतं. "आपल्या बँडमध्ये ॲम्प व्हॉल्व्हचाच. काचेच्या नळ्या, त्या तापल्या पाहिजेत, मग आवाजाला ऊब येते. ट्रान्झिस्टरचा डबा ज्या दिवशी माझ्या स्टेजवर चढेल, त्या दिवशी तो आणणारा खाली उतरेल. कायमचा."

एवढं बोलून त्यांनी स्वतःचा ॲम्पच डॉक्टरांच्या स्वाधीन केला. धूड कसलं, छोटं कपाटच ते! लिफ्टमध्ये मावेना. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बेकरीवाला थांबून विचारत होता, "कप्तान, आत एखादा नापास विद्यार्थी राहिलाय का, बघा हो!" पुढची बाजू कप्तानांनी स्वतः धरली होती. वर पोहोचल्यावर ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ॲम्पचा विरह सहन होत नसावा, असं डॉक्टरांना वाटलं.

व्हॉल्व्हच्या ॲम्पची एक खोड असते. मोठ्यानं वाजवला, तरच तो गोड वाजतो. हळू ठेवला, की पडसं झाल्यासारखा बोलतो. पहिल्या दुपारी डॉक्टरांनी आवाज थोडासा वाढवला, तशा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, घरी पण दाढा उपटताय का?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ॲम्पवर रजई घातली. रजई तापली, पण आवाज काही दबला नाही. मग त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. आवाज कुठून येतो? स्पीकरमधून. मग स्पीकरची वायरच काढून टाकली, तर? बोटांचा सराव होईल, नळ्या तापतील आणि सासूबाई झोपतील. स्वतःच्या हुशारीवर खूश होत त्यांनी वायर उपटली, ॲम्प चालू केला, सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि डोळे मिटून दणादण गिटार वाजवायला सुरुवात केली. घर अगदी शांत होतं.

"अगं, गॅसवर काय ठेवलंस? करपलं बघ!" आतून सासूबाई ओरडल्या. आवाजानं नाही, पण वासानं त्यांची झोप मोडलीच.

दुरुस्तीवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि डॉक्टरांकडे नीट पाहिलं. "स्पीकर काढून वाजवलात? डॉक्टर, तुम्ही पेशंटचं तोंड शिवून त्याला चूळ भरायला सांगता का? आवाज बाहेर जायला वाटच नाही, मग ट्रान्सफॉर्मर जळणार नाही तर काय होणार!"

"रविवारी कार्यक्रम आहे. तोवर होईल?"

"महिना धरा. आतलं सगळं इथं ठेवून जा. पेटी घेऊन जा, माझ्याकडे जागा नाही." मग डॉक्टरांचा चेहरा बघून त्याला दया आली. फळीवरून त्यानं दप्तराएवढा एक डबा काढला. "तोवर हा न्या. ट्रान्झिस्टरचा आहे. गुणी आहे, त्रास देत नाही."

डॉक्टर तो डबा चोरून आणल्यासारखा घरी घेऊन आले. त्याला हेडफोन जोडता येत होते. त्या दुपारी डॉक्टरांनी मनसोक्त, अगदी घामाघूम होईपर्यंत वाजवलं. कानात ढगांचा गडगडाट चालला होता आणि आतल्या खोलीत सासूबाई निवांत घोरत होत्या. डॉक्टर त्या डब्याच्या चक्क प्रेमात पडले. पण प्रेम लपवावं लागतं, तिथेच घोळ सुरू होतो.

"कप्तानांना खरं काय ते सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"सांगितलं की मी परत वायरी गुंडाळायला! इतकी वर्षं थांबलोय गं मी."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या पेटीकडे पाहिलं. दुरुस्तीवाल्यानं पुढची जाळी आणि बटणांची पट्टी तेवढी जागेवर ठेवली होती. "मग हा ह्याच्यात बसतो का बघा," ती म्हणाली.

बसला. असा बसला, जणू पेटी त्याच्यासाठीच केली होती. कप्तान कधीतरी मागून डोकावणार हे ठाऊक असल्यामुळे डॉक्टरांनी आत एक झिरोचा नारिंगी बल्बही लावला. मागच्या फटीतून तो हुबेहूब तापलेल्या नळीसारखा दिसत होता.

तालमीला सगळे घरी जमले. डॉक्टरांनी दोन ओळी वाजवल्या, तसा कप्तानांनी हात वर केला. "थांबा. जरा कोरडं वाटतंय." ते पेटीपाशी गेले आणि पट्टीवरचं एक बटण केसभर उजवीकडे फिरवलं. त्या बटणाच्या मागे काहीही नव्हतं. "आता वाजवा... हां! पडला की नाही फरक?"

"एकदम खुलला!" बेकरीवाला म्हणाला.

"जमीन-अस्मानाचा!" सलूनवाल्यानं री ओढली.

डॉक्टरांनी मान खाली घालून हसू दाबलं, पण ते फार काळ टिकलं नाही. कारण कप्तानांनी कौतुकानं पेटीच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या. "हा गार कसा? तासभर चाललाय. एव्हाना ह्याच्यावर हात ठेवता येत नाही."

"पंख्याखाली आहे ना," बायको चटकन म्हणाली.

"पंख्यानं व्हॉल्व्ह गार होत नसतो. रविवारी मी आधी हात लावून बघेन. गार लागला, तर उघडून तपासू." डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

उपाय पुन्हा बायकोलाच सुचला. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घरात एक रबरी पिशवी होती, गरम पाणी भरून शेकायची. रविवारी ती न विचारताच उचलली. डॉक्टरांनी दवाखान्यातलं बँडेज वापरून ती पेटीच्या छताला आतून जबड्याला आधार द्यावा तशी बांधली. आता प्रश्न पेटी नेण्याचा. रिकामी पेटी जड आहे असं दाखवणं हे जड पेटी उचलण्यापेक्षाही अवघड असतं. नवराबायको कण्हत, कुंथत, पायरीपायरीला थांबत निघाले. मदतीला धावलेल्या बेकरीवाल्याला डॉक्टर दुरूनच ओरडले, "नको, नको! सवय नसलेल्यानं हात लावू नये!"

वाचनालयाच्या बागेत खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्याच रांगेत सासूबाई बसल्या होत्या. निघताना त्यांनी पिशवी बरीच शोधली, सापडली नाही, म्हणून गुडघे चोळत होत्या. कप्तानांनी स्टेजवर येताच पेटीवर तळवा ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांनी माइक हातात घेतला.

"श्रोतेहो, हल्ली बाजारात ट्रान्झिस्टरचे डबे मिळतात. त्यांना आवाज असतो, पण ऊब नसते. आज तुम्ही खरी ऊब ऐकणार आहात."

पेटीसमोर माइक लावला आणि कार्यक्रम सुरू झाला. आणि काय वाजवलं डॉक्टरांनी! इतक्या वर्षांची साठलेली हौस बोटांतून नुसती सांडत होती. दुसऱ्या गाण्यात लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई, ज्या वर्षभर सगळ्यांना गप्प करत, त्याच आज ओरडून "पुन्हा! पुन्हा!" म्हणाल्या. डॉक्टरांना वाटलं, आता मेलो तरी चालेल. पण चौथं गाणं होईपर्यंत तरी नको.

चौथ्या गाण्यात सलूनवाल्याला चेव आला. त्याच्या बेसच्या दणक्यानं पेटी थरथरू लागली, आणि तिच्याबरोबर पिशवीचं बूच. बूच ढिलं झालं. पाणी थेंबथेंब खाली आलं ते नेमकं झिरोच्या बल्बवर. फट्! पेटीच्या मागून वाफ निघाली.

"व्हॉल्व्ह गेला!" कप्तान गाणं सोडून किंचाळले. "प्लग काढा! कुणी हात लावू नका!" वय विसरून ते पेटीमागे झेपावले, प्लग उपटला, मागची फळी ओढून काढली आणि आत हात घातला. हात बाहेर आला, तेव्हा त्यात एक गुलाबी रबरी पिशवी लोंबत होती. तिला बँडेज गुंडाळलं होतं आणि तिच्यातून पाणी गळत होतं.

पहिल्या रांगेतून आवाज आला, "अगं बाई! ही तर माझी गुडघ्याची पिशवी!"

कप्तानांनी पिशवीकडे पाहिलं. आतल्या कोपऱ्यात अगदी कोरडा राहिलेल्या छोट्या डब्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी गिटार गळ्यातून काढायला सुरुवात केली होती. शेवटी कप्तानांनी समोर पाहिलं. तिथे खुर्च्यांवर तीच माणसं बसली होती, ज्यांना त्यांनी नुकतंच उबेवर भाषण दिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे भूगोलाच्या मास्तरांनाही ठाऊक असतं.

"घाबरू नका," ते माइकवर संथपणे म्हणाले. "जुन्या व्हॉल्व्हना मोकळ्या हवेत गारठा बाधतो. म्हणून त्यांना शेक द्यावा लागतो. ही जुनी पद्धत आहे, आता फारशी कुणाला माहीत नाही."

लोकांनी गंभीरपणे माना डोलावल्या. एका गृहस्थांनी शेजाऱ्याला सांगितलं, की त्यांच्या काकांच्या रेडिओलाही असाच शेक देत असत. कप्तानांनी पाणी पुसलं, पिशवी सासूबाईंना नेऊन दिली, प्लग लावला, आत हात घालून डब्याचं बटण दाबलं आणि दात न उघडता पुटपुटले, "वाजवा."

डॉक्टरांनी वाजवलं. उबेशिवायही लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपला. खुर्च्या रिकाम्या झाल्या. डॉक्टर मुकाट्यानं स्टेजच्या मागे गेले आणि वायरी गुंडाळू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. आता हेच काम, म्हणून आपणहून सुरुवात केली होती. त्यांना रडू येत होतं आणि गाठी जमत नव्हत्या.

"ठेवा ते खाली," कप्तान म्हणाले. त्यांनी पेटीतून डबा काढून स्टेजच्या कडेवर ठेवला होता. "खरा कुठाय?"

"जळला. मी जाळला. स्पीकर काढून वाजवला... दुरुस्तीला आहे. महिना लागेल म्हणतात."

कप्तानांनी डब्याची मूठ धरली आणि तो उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला, या वेळी दोन बोटांनी.

"एवढाच?"

"एवढाच."

"डॉक्टर, मी तो ॲम्प तुम्हाला का दिला, माहितीये?"

"माझ्या वाजवण्यावर तुमचा विश्वास होता, म्हणून."

"तोही होता, नाही म्हणत नाही. पण मुख्य म्हणजे तो माझ्या घरातून जायला हवा होता." कप्तानांनी आवाज खाली आणला. "माझी कंबर गेली हो! प्रत्येक कार्यक्रमानंतर दोन दिवस पलंगावरून उठता येत नाही. तुमच्या घरी तो चढवला, तेव्हा भिंतीकडे तोंड करून मी काय करत होतो, असं वाटलं तुम्हाला?"

"मग तो नियम?"

"मीच केला ना! माझाच नियम मी कसा मोडणार? कुणीतरी दुसऱ्यानं मोडायला हवा होता. किती वाट बघितली मी! सगळे मेले आज्ञाधारक!"

डॉक्टरांना आधी काही कळेना. मग कळलं, आणि हातातली वायर तशीच धरून ते हसू लागले. "म्हणजे मी बँडमध्ये..."

"पुढच्या महिन्यात तलावाकाठी कार्यक्रम आहे. तुम्ही नाही, तर काय दुरुस्तीवाला वाजवणार? आणि त्याला सांगा, अजिबात घाई करू नकोस म्हणावं. सावकाश होऊ दे."

तेवढ्यात बेकरीवाला सामान उचलायला आला आणि सवयीप्रमाणे बाह्या सावरून त्यानं डब्याला हात घातला. कप्तानांनी तो चटकन बाजूला ओढला.

"हात लावू नका. हा मी नेणार."

फाटक डावीकडे होतं. कप्तान ताठ कंबरेनं उजवीकडे वळले आणि हातातला डबा झुलवत झुलवत अख्ख्या बागेला एक फेरी मारून आले.